चहाच्या वेळी सांगतो

अहो,

तुमची तेरवी काल झाली. माणसं भरपूर आली, वाऱ्यानं मांडव उडाला नाही, आणि कढीत मीठ कमी होतं. हे शेवटचं मी कोणाजवळ बोलले नाही. तुम्ही असतात तर पहिल्याच घोटाला पंगतीतून आवाज आला असता, "अरे बावा, गावातलं मीठ संपलं काय?" आणि मी दुरून डोळे वटारले असते. काल मात्र सगळ्यांनी ती अळणी कढी मुकाट्यानं संपवली. मयताच्या घरी मीठ मागू नये, एवढं लोकांना कळतं. तुम्हाला ते कधीच कळलं नाही. दुसऱ्यांच्या तेरव्यांत तुम्ही किती वेळा मीठ मागितलंत, त्याची गणती नाही.

आता घर शांत आहे आणि मला ती शांतता सोसत नाहीये. एक पोळी तव्यावर टाकते आणि दुसरी लाटायच्या आधी फाटक लागलंय का ते बघायला अंगणात जाते. फाटक लागलेलंच असतं. परत येते तोवर तव्यावरची करपलेली. स्वाती म्हणते, "आई, जरा एका जागी बस गं." आपली लेक पुण्याला राहून 'वं'चं 'गं' करायला लागली म्हणून तुम्ही तिला दर वेळी चिडवायचात. मी बसते, आणि तिची पाठ वळली की उठते. तिला कसं सांगू, की तुम्ही मला एक काम लावून गेला आहात आणि ते काही केल्या हातावेगळं होत नाहीये.

त्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करत होतात. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल साफ. मी मागून टॉवेल घ्यायला आले तर आरशातूनच म्हणालात, "शालू, तुले एक सांगायचं हाय. आठवण देजो."

"मग आताच सांगून टाका ना."

"आता नाही. चहाच्या वेळी सांगतो."

"तोवर विसरून जासान."

"म्हणूनच तं तुले सांगून ठेवून राहिलो," तुम्ही म्हणालात आणि उरलेल्या गालाकडे वळलात.

दुपारी भरीत-भाकर जेवलात. भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलंत. पंखा एकवर ठेवून आडवे झालात. चहा उकळला तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, मग जरा जोरात मारली, आणि मग कप हातात घेऊनच खोलीत आले. "अहो, उठा आता. काहीतरी सांगायचं होतं ना तुम्हाले?" मी तुम्हाला बोलले ते हे शेवटचं. म्हणजे तुम्ही ऐकू शकला नाहीत, हे मला नंतर कळलं. मी माझ्याकडून आठवण दिली, एवढं लक्षात असू द्या.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, कळलंही नसेल. भेटायला आलेल्या प्रत्येकानं सांगितलं, किती छान मरण आलं हो, पुण्यवान माणूस. असेल. तुमच्यापुरतं छान असेल. माझ्यापुरती ही शुद्ध दगाबाजी आहे. आपल्या दोघांत विसरायचं काम तुमचं आणि आठवण ठेवायचं माझं, असं ठरलेलं होतं. मी माझं काम केलं. मग तुम्ही तुमचं वाक्य घेऊन कुठं निघालात?

रागावतेय, मला माहीत आहे. रागावू द्या. तुम्ही असतानाही मी रागावायचीच, आणि गेली काही वर्षं तर तुमच्यावर रागावून काही उपयोगच राहिला नव्हता. रात्री आपलं कडाक्याचं भांडण व्हावं, मी सकाळी तोंड फुगवून चहा समोर आदळावा, आणि तुम्ही खरोखरच्या काळजीनं विचारावं, "काहून वं, तब्येत बरी नाही काय?" तुम्हाला भांडण झालेलंच आठवायचं नाही. रुसायची सोयच राहिली नव्हती. शेजारच्या बायका नवऱ्यांशी चार-चार दिवस अबोला धरायच्या, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा.

तुमच्या विसरण्यासाठी धंतोलीच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस घ्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तुम्ही सुरेख गोल काढलात. मग त्यात खाली डावीकडे शून्य, खाली उजवीकडे मोठा आकडा, मधे एकच काटा, आणि शेवटच्या टोकाला पेनानं गिरवून गिरवून जाड पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "बॉयलरचं प्रेशर हाय. नॉर्मल हाय." डॉक्टर मोठ्यानं हसले. मी हसले नाही.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "खरंच चुकलं की थट्टा केली?"

"थट्टा केली वं."

"मग काटा एकच काहून काढला?"

"मीटरले एकच काटा असते."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही अख्खी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममधल्या भिंतभर मीटरांसमोर काढलीत. तुमच्या हातानं गोल काढला की त्यात काटा एकच यायचा, हे मला पटत होतं. पण तुम्ही थट्टेखोरही होतात, तेही खरं. बऱ्या दिवशी विचारलं की म्हणायचात, थट्टा होती. एकदा मात्र सक्करदऱ्याच्या तलावावर फिरून परत येताना, मी विचारलंही नसताना म्हणालात, "त्या घड्याळाचं मले माहीत नाही, शालू. हात आपोआप गेला." दुसऱ्या दिवशी परत थट्टाच होती. मी कोणतं खरं धरू?

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा डिमेन्शिया नाही. वयाच्या मानानं विसरणं जास्त आहे, पण सौम्य आहे. काहींचं पुढं वाढतं, काहींचं वर्षानुवर्षं तिथंच राहतं. रोजची कामं स्वतःची स्वतः करतात ना? मग करू द्या. आपण एकाच खोलीत, शेजारी-शेजारी बसून हे ऐकलं. मी 'वाढतं' एवढंच ऐकून आले आणि तुम्ही 'करू द्या' एवढंच. पुढची सगळी वर्षं आपण या दोन शब्दांवरून भांडलो.

तुम्ही तुमच्या भाषेत सगळं बसवून टाकलंत. म्हणालात, "हा अलार्म हाय, ट्रिप नाही." ट्रिप म्हणजे मशीन आपणहून बंद पडणं, एवढं इतक्या वर्षांत मलाही कळत होतं. अलार्म वाजला की घाबरून पळायचं नसतं, तुम्ही सांगितलंत. बटण दाबून तो मान्य करायचा. मान्य केला की कर्कश आवाज थांबतो. बोर्डावरचा दिवा मात्र बिघाड निघेपर्यंत तसाच राहतो. "आवाज बंद केला मी. लाईट राहीन. राहू दे. लाईटीच्या उजेडात काम करता येते." मला त्या वेळी हे बोलणं अजिबात आवडलं नव्हतं. मला दिवा विझलेला हवा होता.

स्वातीला तर आवाजही नको होता आणि दिवाही. ती पुण्याहून तुमच्या गळ्यात अडकवायचं कार्ड घेऊन आली, नाव, पत्ता, फोन लिहिलेलं. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही ते कौतुकानं गळ्यात घातलंत आणि सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन तिथल्या चौकीदाराला दाखवलंत, "गेटपास हाय. सोड आत." पुढं ते फाटकाच्या खिळ्यावर लटकलं, ते अजून तिथंच आहे. स्वाती म्हणायची, बाबांना एकटं सोडू नकोस. मी म्हणायची, मी कुठं सोडते, तेच सुटतात.

कामठीला गेलात तेव्हाचं स्वाती अजून विसरलेली नाही. तुमच्या कंट्रोल रूममधल्या मेश्रामभाऊंच्या नातवाचं बारसं होतं. मी पाय मुरगळून घरी, म्हणून तुम्ही एकटेच निघालात, आणि एक दिवस आधीच जाऊन पोहोचलात. इकडं मी कॅलेंडर बघून कपाळावर हात मारला, फोन लावला तर तुमचा फोन उशीखाली वाजला. संध्याकाळी तुम्ही शेअर ऑटोतून उतरून डुलत-डुलत आलात. "बारसं उद्या हाय. पण जेवून आलो. मांडवाच्या लाईटीचं वायरिंग चुकीचं करून राहिले होते, ते नीट करून देल्लं. उद्या पुन्हा बलावलं हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. मी अख्खी दुपार जीव मुठीत धरून बसले होते आणि तुमचा तो दिवस फार छान गेला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तेव्हा कोणी सांगून पटलं नसतं.

लोकही कमी नव्हते. भेटलं की पहिला प्रश्न, "काय, ओळखलं का मला?" जिवंत माणसाची अशी परीक्षा कोण घेतं? शाळेत मी एवढी वर्षं शिकवलं, पण पोराला वर्गात उभं करून, सगळ्यांदेखत, न शिकवलेलं कधी विचारलं नाही. तुम्ही त्या माणसाकडे बघत राहायचात, ओठ हलायचे, आणि मी पटकन नाव सांगून टाकायची. "अहो, हे आपले ढोके नाही का, कॉलनीतले." तुम्ही म्हणायचात, "हो, हो, ढोके." एकदा एका वास्तुपूजेला मी असं तीन-चार जणांचं सांगितलं. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणालात, "शालू, तू माह्या खुर्चीत बसून राहिली."

ते वाक्य मला लागलं, कारण त्याचा अर्थ मला ठाऊक होता. कंट्रोल रूममध्ये पुढच्या पाळीचा माणूस आला तरी तो थेट खुर्चीत बसत नाही. आधीचा त्याला चार्ज देतो: काय चालू आहे, काय बंद, काय तयार ठेवलंय. समोरच्यानं ऐकून 'घेतला' म्हटलं की आधीचा उठतो, मग नवा बसतो. चार्ज दिल्याशिवाय कोणी खुर्चीत बसला, तर तो तुमच्या खात्यात सगळ्यात मोठा अपमान.

मी म्हटलं, "तुम्हाले लाज वाटू नये म्हणून सांगते मी."

"उशीर झाल्याची लाज नाही वाटत. मधातून कोणी उचलून नेलं तं वाटते." मग तुम्ही जरा हळू बोललात. "मले आठवू देत जा. नाव तिथंच असते. जरा मागं असते."

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आज देते. तुम्ही नाव शोधत असायचात, तेव्हा तुमचे डोळे आत वळलेले असायचे. समोरच्याचं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. ती कीव, ते एकमेकांना कोपरानं ढोसणं, ते "चाललं आता यांचं" असं बघणं. मी नाव तुमच्यासाठी सांगत नव्हते, त्यांची तोंडं बंद करायला सांगत होते. तुमचं बरोबर असेल. माझंही चूक नव्हतं. हे भांडण तसंच राहिलं आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

मग ती पाण्याची मोटर. तुम्ही सुरू केलीत आणि विसरलात, टाकी भरून पाणी गल्लीभर वाहिलं, समोरच्यांच्या दारातली रांगोळी गेली. मी गल्लीतच उभी राहून नको नको ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. पाण्यातून चालत जाऊन समोर नवी रांगोळी काढून आलात, कशीबशी, गोलच. संध्याकाळी चहा घेऊन मी बाहेर आले तर तुम्ही वेताच्या खुर्चीत ताठ बसला होतात. समोर माझा मोढा, ते वेताचं बुटकं स्टूल, ठेवलेला. "बस," म्हणालात. "चार्ज घे."

मला वाटलं, हे काय आता नवीन. पण तुमचं सुरू झालं होतं. "मोटर बंद. हात लावून पाह्यला, थंड हाय. गॅस बंद. दूध तापवलं, झाकलं. बँकेत सही जुळली. तलावावर एका माणसानं नमस्कार केला, त्याचं नाव स्टँडबायवर हाय, आलं तं सांगीन." मी हसून कप खाली ठेवला. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे बघत थांबलात, आणि मला कळलं की मी काहीतरी म्हणायचं आहे. "घेतला," मी म्हटलं. मग तुम्ही उठलात आणि कप विसळायला घेऊन गेलात.

त्यानंतर रोज. कप विसळून आलात की माझाही दिवस विचारायचात. जे दिवसभरात व्हायचं ते तुम्ही स्वतः धरून ठेवायचात, संध्याकाळी द्यायचं म्हणून. सुटलेलंही सांगायचात, लपवणं बंद झालं. सकाळीच ठरवून टाकायचात की अमुक चहाला सांगायचं, आणि मला आठवणीला लावून ठेवायचात. पोहे करायला लागलात की सगळे डबे ओट्यावर डावीकडे मांडायचात, वापरलेला डबा उजवीकडे. मिठाचा डबा उजवीकडे म्हणजे मीठ पडलं. मी एकदा ओटा आवरला आणि डबे जागच्या जागी ठेवले, तर पोहे खारट आणि तुम्ही संतापलेले. "चालू मशीनले हात काहून लावला?" खारट पोहे आपण दोघांनी खाल्ले.

चार्जच्या शेवटी तुम्ही जरा थांबायचात. मग मीटरवर न दिसणारं सांगायचात. कंट्रोल रूममध्येही ते शेवटीच सांगतात म्हणे: सगळे काटे जागेवर आहेत, पण अमुक पंख्याचा आवाज कानाला बरा लागत नाही, लक्ष ठेव. तसं तुम्ही सांगायचात. "स्वातीचा आवाज फोनवर बसका वाटला. सर्दी नाही ते." माझ्या काही लक्षात आलं नव्हतं, आठवड्यानं तिनं रडतच फोन केला की नोकरी सोडतेय. कधी म्हणायचात, "आज तलावाजवळ बसलो तं लय बरं वाटलं. काहून, ते सांगता नाही येत." आणि कधी नुसतं, "तू थकल्यासारखी दिसून राहिली वं."

लोक मला म्हणतात, शेवटची वर्षं कठीण गेली असतील ना? गेली. पण त्यांना एक माहीत नाही. नोकरीत असताना तुमची पाळी सकाळची तर माझी शाळा दुपारची, तुमची रात्रपाळी तर मी निघताना तुम्ही झोपलेले. एका घरात राहून आपण चिठ्ठ्या ठेवून संसार केला. रोज संध्याकाळी समोरासमोर बसून एकमेकांचा दिवस ऐकायचा, हे सुख आपल्याला त्या अलार्मनं दिलं. माझा दिवस कसा गेला हे मला कोणी याआधी विचारलं नव्हतं. तुम्हीही नव्हतं. हे तुमच्यासमोर बोलायचं राहिलं, म्हणून इथं बोलून घेते.

काल मेश्रामभाऊ आले होते. तुमचे कायमचे रिलीव्हर, तुमच्या पाळीनंतर नेहमी तेच यायचे. पानावरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, एकदा कन्हानच्या पुलावर पाणी आलं, मी पोहोचलोच नाही. भाऊ माह्या पाळीतही खुर्चीत बसून राह्यले. मी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून गेलो तं मले काही बोलले नाही. म्हणे, जेवला काय? मग चार्ज देल्ला." मी म्हटलं, हे मला माहीत आहे, यांचा डबा त्या दिवशी घरी परत आला नव्हता. तर ते खाली बघून हसले. "अजून एक सांगू काय? भाऊ सगळं सांगून मोकळे झाले, तरी मी लवकर 'घेतला' म्हणतच नव्हतो. उगाच काही तरी विचारत बसायचो. घेतला म्हटलं की भाऊ उठून गेले असते. मले त्यांच्यासंगं बसायचं असायचं." आणि एवढा मोठा, आजोबा झालेला माणूस पंच्यानं तोंड झाकून रडला.

तेव्हापासून मी जास्तच बेचैन आहे. दिवसभर तुम्हाला काय सांगायचं होतं ते शोधत हिंडतेय. ऊन तापायला लागलंय, म्हणून आधी वाटलं कूलरचं असेल. मागचं झाकण काढून बघितलं, वाळा तुम्ही आधीच बदलून ठेवला आहे, पंप चालतो. मग वाटलं स्वातीचं काही. शेवटी तिला सगळं सांगून विचारलं, तिचं सगळं ठीक आहे. मग वाटलं, घड्याळाचं. थट्टा की चूक, एकदाचं सांगून टाकणार असाल. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांना चाहूल लागली असेल, निरोपाचं बोलायचं असेल. काही तरीच. चाहूल लागलेला माणूस भरीत दुसऱ्यांदा मागून घेत नाही.

स्वातीनं आज मला ओट्यासमोर उभी असलेली पाहिलं. कोणता डबा कोणत्या बाजूला राहिलाय ते मी बघत होते, त्यावरून काही कळेल म्हणून. तिनं मला धरून बसवलं आणि जे कोणी बोललं नव्हतं ते बोलली. "आई, समज, त्या दिवशी तू चहाला आठवण दिलीस तेव्हा बाबा उठले असते. तरी ते म्हणाले असते, काय सांगायचं होतं वं मले? असंही झालं असतं ना?" ती 'वं' म्हणाली, आणि मग तिलाच रडू आलं.

झालं असतं. कितीदा तरी झालं होतं. मी आठवण द्यायची आणि तुम्ही माझ्याकडे बघत राहायचात. मग म्हणायचात, "जाऊ दे. हाय तिथंच. येईन आपोआप." आणि यायचं. तो तलावावरचा नमस्कारवाला, ज्याचं नाव तुम्ही स्टँडबायवर टाकलं होतं, तो दोन दिवसांनी आठवला. मी भाजी निवडत होते, तुम्ही न्हाणीत, आणि आतून एकदम आरोळी, "शालू! वाघमारे! वाघमारे होता वं तो!" अंगावर पाणी तसंच, आवाजात इतका आनंद की गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल लॉटरी लागली. तुमच्या नोकरीतल्या कोणत्याही बढतीला तुम्ही एवढे खूश झालेले मला आठवत नाही.

स्वाती म्हणते, पुण्याला चल. येईन म्हटलंय, नाही म्हटलेलं नाही. पण आत्ता नाही. चहाच्या वेळी मला इथं असलं पाहिजे.

आता चहा झालाय. मी माझ्या मोढ्यावर बसले आहे. तुमच्या खुर्चीत मी बसलेले नाही, आणि कोणाला बसूही दिलेलं नाही. काल तुमचा मावसभाऊ टेकायला गेला तर मी सगळ्यांदेखत ओरडले. लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं हिचं. जाताना प्रत्येक जण सांगून गेला, आता त्यांना मोकळं कर, जीव अडकवून ठेवू नये. मी मान हलवली. त्यांना काय माहीत आपले नियम.

समोरच्यानं 'घेतला' म्हटल्याशिवाय उठायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी अजून म्हटलेलं नाही. तेव्हा बसा. आठवा. नाव असो, कूलर असो, काहीही असो, जरा मागं असेल, येईल. कितीही उशीर होऊ द्या. या खेपेला मी मधात एक शब्द बोलणार नाही.